पुलापलीकडची भाकरी

काशीतल्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्राचा इतिहास शिकवायचो, आणि त्यातही माझा हातखंडा विषय एकच होता: गेल्या शतकात विलायतेत बाहेरच्या धान्यावर बसवलेली जकात. परदेशी गहू स्वस्त पडतो म्हणून तिथल्या जमीनदारांनी त्याच्यावर जकात बसवून घेतली. गहू महाग झाला, जमीनदारांचे खंड वाढले आणि गिरणीकामगाराच्या ताटातला पाव लहान झाला. शेवटी कारखानदारच ओरडायला लागले की पाव महाग म्हणून मजुरी महाग, आणि मजुरी महाग म्हणून आमचं कापड महाग. तेव्हा कुठे ती जकात उठली. हे मी इतकं रंगवून सांगायचो की शेजारच्या वर्गातले संस्कृतचे विद्यार्थी भिंतीला कान लावून बसत. एकदा तर एक माकड खिडकीत येऊन पूर्ण तास बसून गेलं. त्याची हजेरी मी लावली नाही, एवढंच.

असा हा धान्याचा जाणकार स्वतः मात्र जन्मात शेरभर धान्य विकत आणायला गेला नव्हता. मी खानावळीत जेवायचो.

खानावळ भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत होती. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे चूल. चालवायच्या त्या आमच्या काकू. त्यांचे यजमान पाठशाळेत शिकवायला म्हणून वाईकडून काशीला आले आणि दोन-तीन वर्षांतच गेले. मूलबाळ नव्हतं. मध्य प्रदेशात सागर शहरी त्यांचे धाकटे दीर होते, त्यांनी लगेच पत्र टाकलं: वहिनी, इकडे या, आमची मुलं सांभाळा, दोन घास खा. माणूस वाईट नव्हता. पण काकू त्या घरी एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. "जावेच्या स्वयंपाकघरात मीठ कुठल्या डब्यात आहे हेही विचारून घ्यावं लागतं हो," त्या म्हणायच्या. त्यांनी उलटटपाली कळवलं, खानावळ काढते आहे. चालली तर इथे, नाही चालली तर तुमच्याकडे. दीर दर दिवाळीला विचारायचे, चालते आहे का? काकू कळवायच्या, चालते आहे.

चालायची ती भाकरीवर. काशीत पोळी-पुरीला काय तोटा? गल्लीच्या तोंडाशी कचौडीवाला, पुढे पुरीवाला, त्याच्यापुढे त्याचा भाऊ. पण गुरुवारी आणि रविवारी काकू ज्वारीची भाकरी करायच्या आणि त्या दोन दिवसांसाठी बँकेतले, रेल्वेतले, विद्यापीठातले असे बावीस मराठी लोक महिन्याचं ताट लावून होते. बाकीचे पाच दिवस ते पोळी खायचे ती केवळ गुरुवारची वाट बघत. काकूंची भाकरी तव्यावर फुगली की तिची वाफ गल्लीतून घाटावर जायची आणि तिथे पिंडदानाला बसलेली आमच्याकडची माणसं मंत्र चुकायची. भटजी मग हळूच म्हणायचे, "आधी जेवून या हवं तर."

आता ह्या भाकरीची ज्वारी यायची रामनगरहून. गंगेच्या ह्या काठाला ज्वारी माणसाचं धान्य म्हणून कोणी हिशेबातच धरत नसे. रामनगरचा एक आडत्या ती म्हशीवाल्यांसाठी ठेवायचा. काकूंनी पहिल्यांदा पोतं उचललं तेव्हा त्याने विचारलं, "माताजी, भैंसें कितनी हैं?"

"बाईस," काकू म्हणाल्या. "सगळी नोकरीत आहेत."

हिवाळ्यात नदीवर पिपांचा पूल बांधत. लोखंडी पिपं पाण्यावर ओळीने तरंगत ठेवलेली, वर फळ्या. त्यावरून पोतं एका घोड्याच्या एक्क्यात घालून काकू शहरात यायच्या. पुलाच्या शहराकडच्या टोकाला चुंगीची चौकी होती. चुंगी म्हणजे आपल्याकडची जकातच; शहरात येणाऱ्या मालावर पालिकेचा कर. तिथले बाबू एका पोत्याकडे बघतही नसत. पण एका वर्षी दरांची नवी यादी लागली आणि तिच्यासोबत नवा बाबूही आला.

हा माणूस हाडकुळा होता, चष्म्याला दोरा बांधलेला, आणि यादी त्याला पाठ होती. तो इतका प्रामाणिक होता की स्वतःच्या सासऱ्याने आणलेल्या तांदळावर त्याने चुंगी लावली आणि पावती सासऱ्याच्या हातात दिली, असं नावाडी सांगत. मी ह्यात पदरचं काही घालत नाही. सासू पण बरोबर होती म्हणतात.

त्याने काकूंना थांबवलं. "बोरे में क्या है?"

"ज्वार."

"अनाज. चुंगी लगेगी."

काकूंनी भरली. घरी आल्या आणि माझ्यासमोर पाट टाकून बसल्या. "मास्तर, तुम्ही ह्याच विषयाचे ना? मग सांगा, हे पैसे शेवटी कोण देतो?"

मी खूश झालो. घसा साफ करून मी त्यांना विलायतेपासून सुरुवात केली. व्यापारी भरतो असं दिसतं, पण तो भाव वाढवतो. मग दुकानदार वाढवतो. शेवटी खाणारा देतो. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही द्यायचे."

"तत्त्वतः, हो."

"मग एक तारखेपासून ताटाचे पैसे थोडे वाढवते."

एक तारखेला पंगतीत जो हलकल्लोळ झाला तो मी कधी विसरणार नाही. बँकेतले एक गृहस्थ म्हणाले, "काकू, हे जरा जास्तीच होतंय." दुसरे म्हणाले, चुंगी पालिकेची, आमच्या माथी का? एकाने तर पुरीवाल्याचं नाव काढलं. त्याचं नाव त्या घरात कोणी उच्चारत नसे. काकूंनी ताटाचे पैसे पूर्वीइतकेच ठेवले.

त्यानंतर भाकरी बारीक व्हायला लागली.

एकदम नाही. पहिल्या गुरुवारी शंका आली, रविवारी कुजबुज झाली. तिसऱ्या आठवड्यात रेल्वेच्या नकाशाखात्यातले एक सद्‌गृहस्थ कोटाच्या खिशातून पट्टी आणि कर्कटक घेऊन आले आणि ताटातच मोजमाप सुरू केलं. "व्यास बोटभर कमी," त्यांनी जाहीर केलं, "आणि जाडीबद्दल मी बोलतच नाही." जाडीबद्दल मी बोलतो. भाकरी उजेडात धरली तर पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यायचं. एकादशी कधी आहे ते मी तसंच बघितलेलं आहे.

विलायतेत पाव लहान झाला तेव्हा लोक रस्त्यावर आले होते. आमचे लोक रस्त्यावर आले ते पुरीवाल्याकडे जायला. बाविसाचे सतरा झाले, सतराचे चौदा. ताटं कमी म्हणून पीठ कमी लागायचं, पण चूल, जळण आणि भाडं पूर्वीइतकंच. त्यातून पीठ पडून राहिलं की विरी जातं, त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. ती चिरलेली भाकरी बघून आणखी एक जण गेला. ऐन त्याच सुमाराला सागरचं पत्र आलं. काकूंनी ते मला वाचायला दिलं. दिवाळी नव्हती, तरी विचारलं होतं.

"काय लिहू?" काकूंनी विचारलं. चालते आहे, असं त्यांनी ह्या वेळी म्हटलं नाही.

मग मी डोकं चालवलं. चौकीवरच्या पाटीवर मी वाचलं होतं की चुंगी अनाजावर आहे, जनावरांच्या खाद्यावर नाही. रामनगरचा आडत्या ज्वारी म्हशींसाठीच विकतो. म्हणजे पुलाच्या त्या टोकाला जे पशुखाद्य असतं ते पूल ओलांडताना अनाज होतं! हे मी काकूंना सांगितलं आणि म्हणालो, पुढचं पोतं मी आणतो.

"तुम्ही?" काकू म्हणाल्या. "नीट बोला म्हणजे झालं. जास्त बोलू नका."

मी एक्क्यात पोत्यावर बसून चौकीवर आलो.

"प्रोफेसर साहब, ज्वार किसके लिए?"

"मवेशी के लिए."

"माताजी के यहाँ? कितने?"

इथे मी 'दोन' म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण दोन हा आकडा माझ्या तोंडात कधी बसलाच नाही.

"नौ भैंसें."

"नौ! भोसले घाट की गली में?"

"दो तो छत पर रहती हैं."

बाबूने टाक खाली ठेवला. "छत पर चढ़ीं कैसे?"

"छोटी थीं तब चढ़ गई थीं. अब बड़ी हो गईं, उतरती नहीं."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्याच्या गावी घरच्या म्हशी होत्या आणि नोकरीपायी त्या सुटल्या होत्या. हे मला नंतर कळलं. त्याने काकूंच्या नावावर नऊ म्हशी लिहून घेतल्या, पोतं चुंगीशिवाय सोडलं आणि म्हणाला, "गुरु, भैंस तो बहुत देखी, छत वाली नहीं देखी. गुरुवार को मेरी छुट्टी है. दर्शन करने आऊँगा."

मी हे काकूंना सांगितलं ते थेट गुरुवारी सकाळी. त्या पीठ मळत होत्या. हात तिथेच थांबला.

"गच्चीवर?"

"बोलण्याच्या ओघात—"

"अहो मास्तर, आपल्याला गच्चीच नाही. वर दुसरे भाडेकरू राहतात." त्यांनी परातीत आणखी गरम पाणी ओतलं. "चुंगी मी भरली असती. आता खोटं लिहिलंय ते माझ्या नावावर. उद्या चौकीवरून नोटीस आली तर मालक जागा ठेवतील का माझ्याकडे?"

मी न सांगता पाण्याची कळशी भरून आणली. असं वर्षातून एखाद्या वेळी होतं.

बरोबर पंगतीच्या वेळेला बाबू दारात उभा. धुतलेलं धोतर, आणि काखेत हिरव्या चाऱ्याची पेंढी. म्हशींना बघायला रिकाम्या हाताने कसं यायचं! पडवीत तेरा माणसं दोन रांगांत बसून मान खाली घालून भाकरी चावत होती. पेंढी बघून सगळ्यांचे जबडे थांबले.

"भैंसें किधर हैं, माताजी?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी ठेच्याकडे बघितलं.

"बाबूजी, भैंस एक भी नहीं है," काकू म्हणाल्या. "कधी नव्हती. ज्वार ये लोग खाते हैं. इन मास्टर का ऐसा ही है, पर भेजा मैंने था. जो लिखना है, मेरे नाम लिखो."

बाबूने दोन्ही रांगांवरून नजर फिरवली. कोणी कोट घातलेला, कोणाच्या खिशाला पेन.

"आदमी खाता है ये?" त्याने खरोखरच चकित होऊन विचारलं.

"बसा. खाके देखो."

तो पेंढी भिंतीला टेकवून बसला. काकूंनी तव्यावरची भाकरी तशीच त्याच्या ताटात टाकली, वर पिठलं, कडेला ठेचा, आणि भाकरीचा पापुद्रा उचलून आत तूप सोडलं. ही भाकरी जुन्या मापाची होती; रेल्वेच्या गृहस्थांनी नजरेनेच मोजली, पण बोलले नाहीत. बाबूने चार खाल्ल्या. मी अकरा म्हणणार होतो, पण त्या दिवसापासून मी आकड्यांबाबत जपून असतो.

हात धुऊन तो म्हणाला, "चुंगी तो लगेगी, माताजी. उस बोरे की."

काकूंनी आतून पैसे आणून दिले. त्याने खिशातून पावतीपुस्तक काढलं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा ते त्याच्याजवळ होतं, आणि म्हशी खोडून माणसं लिहिली. पुढे काही कारवाई करणार नाही, असं तो म्हणाला. माल शहरात आला, चुंगी भरली, आता लिहायचं काय. मग उंबऱ्यात चपला घालता घालता थबकला. यादी पाठ असलेल्या माणसाला एखादी जागा मोकळी दिसली की जसं होतं, तसं त्याचं झालं असावं.

"अनाज पर है. आटे पर भी है," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "बनी हुई रोटी का तो सूची में नाम ही नहीं. उधर से रोटी बनकर आए तो मैं क्या लगाऊँ?"

आणि उत्तराची वाट न बघता गेला. पेंढी विसरला. ती समोरच्यांच्या गाईने खाल्ली.

मी जकातीवर वह्याच्या वह्या टिपणं काढलेला माणूस. कर कच्च्या मालावर असला की कारखानाच सीमेपलीकडे जातो, हे मी पोरांना पाठ करून लिहायला लावायचो. चूल हाही कारखाना असतो, हे मात्र मला एका चुंगीबाबूने शिकवलं. काकूंना मी समजावून सांगायला गेलो तर त्या तवा घासत होत्या.

"दुसरा तवा घ्यावा लागेल," त्या म्हणाल्या. "तिकडे ठेवायला."

रामनगरच्या आडत्याने गोदामापुढची ओसरी दिली. गुरुवारी आणि रविवारी पहाटे काकू पूल ओलांडून जायच्या, तिथेच दळून घ्यायच्या, तिथेच थापायच्या आणि भाकऱ्यांची चवड धडप्यात बांधून टोपलीतून परत आणायच्या. चौकीवर बाबू धडपं उचलायचा, भाकऱ्यांकडे बघायचा, यादीकडे बघायचा, आणि झाकून ठेवायचा. भाकरी परत पूर्वीच्या आकाराची झाली. नकाशाखात्याने तसा दाखला दिला. पुरीवाल्याकडे गेलेल्यांपैकी तिघे काही झालंच नाही असा चेहरा करून पंगतीत येऊन बसले.

पण पुलापासून भोसले घाट लांब. पूल, मग एक्का, मग गल्ल्या. गरम निघालेली भाकरी ताटात येईपर्यंत गार व्हायची, आणि ज्वारीची भाकरी गार झाली की वातड होते. बँकेतले गृहस्थ म्हणाले, "काकू, चुंगी परवडली, हे चामडं नको." असं म्हणून ते पुढच्या रविवारी स्वतःच पूल ओलांडून रामनगरला गेले आणि तव्यावरची खाऊन आले. आल्यावर त्यांनी जे वर्णन केलं ते ऐकून मी लाजलो. एवढं मलाही जमत नाही. त्याच्या पुढच्या रविवारी नऊ जण गेले. मग सगळेच. पिपांचा पूल आमच्या वजनाने मध्यावर पाण्याला टेकायचा आणि पलीकडून येणारे लोक आम्ही उतरेपर्यंत थांबायचे.

तिकडे आणखी एक गंमत झाली. गरम भाकरीच्या वासाने नावाडी, सुतार, विणकर ओसरीशी रेंगाळायला लागले. काकूंनी एकाला वाढली, दुसऱ्याने मागितली. म्हशीचं धान्य म्हणून पहिले आठ दिवस हसले, नवव्या दिवशी त्यातलेच दोघे रांगेत भांडले. महिन्याभरात काकू आठवड्याचे पाच दिवस तिकडे थापत होत्या आणि गल्लीतली चूल दोनच दिवस पेटत होती. आडत्याने ज्वारीचा भाव वाढवला. काकूंनी त्याला विचारलं, चुंगी तर इकडे नाही, मग का वाढवलास? तो म्हणाला, "माताजी, अब आदमी खाने लगे हैं."

पालिकेला ह्या सगळ्यातून काय मिळालं ते मी सांगू शकतो: दोन-चार पोत्यांची चुंगी. शहराने ज्वारीवर कर बसवला आणि भाकरी शहराबाहेर गेली.

पावसाच्या आधी पिपांचा पूल काढून ठेवतात. ज्या दिवशी फळ्या उचलायला सुरुवात झाली, त्या दिवशी काकूंना ठरवणं भाग पडलं. भरल्या नदीतून रोज टोपली आणणं शक्य नव्हतं. इकडे राहायचं तर चुंगीची बारीक भाकरी आणि उरलेले लोक. तिकडे जायचं तर अनोळखी गाव. आणि नेमके त्याच आठवड्यात सागरचे दीर आले. त्यांच्या पत्राला मी मागे जे उत्तर लिहून दिलं होतं ते बहुधा फार रंगलं होतं. त्यांची समजूत झाली होती की वहिनी दोन घासांना महाग आहेत. परतीची दोन तिकिटं ते काढूनच आले होते, एक स्वतःचं, एक वहिनीचं.

गल्लीतल्या खानावळीला कुलूप होतं. मी त्यांना नावेने रामनगरला नेलं. वाटेत ते सारखे म्हणत होते, "कशाला इतके हाल? घर आहे आमचं."

ओसरीवर दहा-बारा माणसं भिंतीला टेकून बसली होती. काकू चुलीपुढे. एक भाकरी तव्यावर, एक निखाऱ्याला उभी, एक हातात. त्यांनी दिराला बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भावोजी, बसा. रांगेने वाढते आहे."

भावोजी रांगेत बसले. एका नावाड्याच्या आणि एका सुताराच्या मध्ये. भाकरी आली, खाल्ली, दुसरी मागितली. मग ते काकू मोकळ्या होण्याची वाट बघत राहिले, आणि काकू काही मोकळ्या होईनात. एक पंगत उठायची, दुसरी बसायची. शेवटी दुपार कलल्यावर त्यांनीच विचारलं, "वहिनी, सामान कुठे आहे?"

"इथेच आणलंय कालपासून," काकू म्हणाल्या आणि ओसरीच्या आतल्या खोलीकडे पिठाचा हात केला. तिथे फळीवर डबे ओळीने मांडलेले होते. "मीठ उजवीकडच्या पहिल्या डब्यात. तुमच्या पिठल्यात कमी पडलं असेल तर घ्या."

दिरांनी डब्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि मीठ घेतलं नाही. येताना नावेत त्यांनी दोन्ही तिकिटं खिशातून काढून बघितली. उतरल्यावर म्हणाले, "एक तिकीट परत होईल का हो?"

मी त्यांच्याबरोबर स्टेशनात गेलो. खिडकीत आमच्याच पंगतीतले एक गृहस्थ होते. त्यांनी तिकीट उलटसुलट करून बघितलं.

"सागर? काकूंचं?"

"हो."

"परत?"

"परत."

त्यांनी शिक्का मारला, पैसे मोजून दिराच्या हातात दिले, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून मला विचारलं, "मग पूल नाही, तर रविवारी नाव किती वाजता पकडायची?"